रायपूरच्या फरशीवर निवडलेली मॅट

मैनपाटला, म्हणजे छत्तीसगडातल्या एका थंड डोंगरावर, जायचं ठरलं ते आमच्या स्वयंपाकघरात, मी पोळ्या लाटत असताना. माझ्या मुलीने, मीनूने, पुण्याची नोकरी दुसऱ्यांदा पुढे ढकलली होती. कंपनीने आता जानेवारीचा पहिला आठवडा दिला होता आणि यापुढे थांबणार नाही असंही कळवलं होतं. मीनू ओट्याला टेकून उभी होती आणि माझ्या मराठीला नेहमीसारखं हिंदीत उत्तर देत होती.

"काहून जाऊन नाही राहिली तू?" मी विचारलं.

"तुम सोती नहीं हो मम्मी. मैं पुणे जाके क्या करूँगी? रात को वीडियो कॉल पे पहरा दूँगी?"

"झोपते नं मी."

"आँख बंद करना सोना नहीं होता."

मागच्या वर्षी जानेवारीत आमचे हे गेले. झोपेतच गेले. मी शेजारी होते, मला सकाळी कळलं. तेराव्याला आमच्याकडे शय्यादान करतात, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने अंथरूण, पांघरूण, छत्री, चपला असं सगळं गुरुजींना देतात. पलंगही द्यायचा होता, पण तो सागवानी पलंग सुताराने खोलीतच बसून बनवलेला. चार जणांनी आडवा केला, उभा केला, तरी दारातून निघेना. शेवटी घामाघूम झालेल्या गुरुजींनीच सांगितलं की गादी पुरे. गादी ऑटोच्या टपावर बांधून गेली.

सुतकात जमिनीवर झोपायचं म्हणून मी हॉलमध्ये सतरंजी टाकली होती. सुतक संपलं, पुढे वर्षश्राद्धही झालं, पण सतरंजी तिथेच राहिली. नवी गादी पुढच्या महिन्यात करू, असं दर महिन्याला ठरायचं. झोपेचं म्हणाल तर डोळा लागायचा आणि दारावर कोणी बेल वाजवल्यासारखा लगेच उघडायचा. मीनूला हे सगळं ठाऊक होतं, कारण ती आतल्या खोलीत तशीच जागी असायची.

मी पोळी उलटताना म्हटलं, "थंड जागी माणूस बरोबर झोपते. रायपूरच्या हवेतच खोट आहे."

तिने फोनवर काहीतरी शोधलं. मग म्हणाली, "ठीक है. मैनपाट. दो रात, टेंट में. एक भी रात पूरी सो गई, तो मैं जॉइनिंग का मेल भेज दूँगी."

माझ्यावर बोलता बोलता परीक्षा येऊन पडली होती. पोळी करपली ती वेगळीच.

तंबू आणि स्लीपिंग बॅगा मीनूच्या मैत्रिणीकडून उसन्या मिळाल्या. घ्यायच्या राहिल्या त्या खाली अंथरायच्या मॅट. पंडरीकडच्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदार भैया उत्साही होते. त्यांनी क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरमबोर्ड यांच्या मधल्या जागेत तीन मॅट अंथरल्या आणि म्हणाले, "मैडम, लेट के देखिए. बिना लेटे कोई फायदा नहीं."

मी नवा रायपूरला मंत्रालयात नोकरी करते. माझ्या विभागातलं कोणीही त्या रस्त्याने जाऊ शकलं असतं. तरी पर्स छातीशी धरून आडवी झाले. एक बाई मुलासाठी रॅकेट घ्यायला आल्या होत्या. त्या थबकून विचारू लागल्या, "इनको चक्कर आया क्या?"

तुमच्यापैकी कोणी मॅट घ्यायच्या विचारात असेल तर तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिली घडीची फोमची. वजनाला हलकी, काटा लागून फुटत नाही, हजार-दीड हजारात मिळते, पण पातळ. दुसरी झडप उघडली की स्वतःच थोडी फुगणारी. आरामाची, पण जड. तिसरी हवेची, जिच्या पोटात ऊब धरणारा चंदेरी पडदा असतो. ती गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी होते, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि किंमत मात्र सहा हजारांच्या पुढे. पिशवीवर आर व्हॅल्यू म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. तो जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी लागते. एक-दोन म्हणजे उन्हाळा, तीन-चार कडक गारठा, पाचच्या वर बर्फ.

भैयांनी फोमची आणि हवेची अशा दोन मॅट घरी नेऊन बघायला दिल्या. नको असेल ती परत करा म्हणाले. फक्त हवा तोंडाने भरू नका, श्वासातली ओल आत जाते. सोबतच्या पिशवीने भरा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

घरी येईपर्यंत माझी नणंद, प्रमिलाताई, गुढियारीहून येऊन बसल्या होत्या. त्या ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी दोन्ही मॅटकडे बघून कमरेवर हात ठेवले.

"काहून वो शोभा, घरात फुकट जमिनीवर झोपून राहिली ते कमी पडलं का? आता पैसे देऊन डोंगरावर जमिनीवर झोपाले चालली?"

"ताई, खाली मॅट असते."

"मंग सतरंजीनं काय घोडं मारलं होतं?"

दिवाळी नुकतीच झाली होती. रायपुरात तेव्हा पंखा लागतोच. ताई मुक्कामाला होत्या. रात्री मी हॉलमध्ये हवेच्या मॅटवर आडवी झाले आणि थोड्याच वेळात पाठ तापली. आपलीच ऊब आपल्याला परत मिळते, म्हणजे मॅट तिचं काम चोख करत होती. पण फरशीवर पंख्याखाली ते नकोसं होतं. शिवाय कूस बदलली की आतला चंदेरी पडदा चिवड्याच्या पाकिटासारखा वाजायचा. मी वळले, चर्रर्र. आतून लगेच आवाज आला, "मम्मी, जाग रही हो?"

फोमची मॅट मुकी होती. तिच्यावर तुम्ही जागे आहात की झोपलेले, हे कोणालाही कळलं नसतं. परीक्षेला बसणाऱ्याला अशीच वस्तू बरी. सकाळी मी जाहीर केलं की मला फोमची पाहिजे, दुसरीनं उकडते. प्रमिलाताईही फोमवर लवंडल्या आणि म्हणाल्या, "थंडगार हाय. हेच घे." मीनूने एकदा म्हणून पाहिलं, "मम्मी, ठंड में ठंडी चटाई?" पण दोघींपुढे तिचं काही चाललं नाही. तिने हवेची स्वतःसाठी ठेवून घेतली. डोंगरावरच्या थंडीसाठी लागणारी वस्तू आम्ही पंख्याखाली निवडली आणि समाधानाने भजी तळली.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो. रायपूरहून अंबिकापूरची रात्रीची गाडी सोयीची आहे, सकाळी पोचवते. आरक्षण मात्र आधी करा, डिसेंबरात गर्दी असते. अंबिकापूरला स्टेशनबाहेर पोहे-जिलबी खाल्ली, चहा घेतला आणि मैनपाटची गाडी ठरवली. बसही आहेत, पण मोजक्या. तंबू-पिशव्या असतील तर गाडी बरी. दोन हजारांच्या आसपास पडते. ड्रायव्हरने पिशव्यांकडे बघून विचारलं, "दीदी, उधर होटल नहीं मिला क्या?" मीनू म्हणाली, "मिला भैया, पर मम्मी को ज़मीन पसंद है." सालाच्या जंगलातून घाट चढू लागलो तशी काच वर करावी लागली. रायपुरात मी स्वेटर काढते ते मुख्यतः तो आहे का बघायला. इथे तो खरोखर घातला.

मैनपाट म्हणजे वर पोचल्यावर एकदम सपाट माळ. तिबेटी वस्त्या, वाऱ्यावर रंगीत पताका, कापणी झालेली टाऊची शेतं. टाऊ म्हणजे कुट्टू, इथलं लाल देठाचं पीक. फुलं बघायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात या, आम्हाला नुसते खुंट दिसले. आमची जागा फूलकुंवर दीदींच्या घरामागच्या शेतात होती. तंबूला जागा, न्हाणीघर, सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण मिळून माणशी पाचशे. तंबूच्या पलीकडे त्यांची गाय बांधलेली होती. मी खुंट्या ठोकत असताना ती माझ्याकडे अशी बघत होती की मी उगाच पदर सावरला.

दुपारी मठ बघितला. वस्तीतल्या एका छोट्या हॉटेलात गरम थुक्पा प्यायलो, म्हणजे शेवयांचं पातळ सूप. दिवेलागणीला वरणभात जेवलो आणि आठाच्या आत तंबूत शिरलो.

पहिल्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. थंडी वरून येते अशी माझी समजूत होती. ती खालून येते. स्लीपिंग बॅगेचा जो भाग आपल्या अंगाखाली चेपतो त्याची ऊब संपते, आणि मग मधे उरते फक्त मॅट. माझी मॅट रायपूरच्या फरशीवर होती तितकीच इथेही थंडगार होती, तिने अजिबात बेइमानी केली नाही. मी सगळे कपडे अंगावर चढवले होते, त्यामुळे वाढवायला काही उरलं नव्हतं. शेजारी मीनू तिच्या चिवड्याच्या पाकिटावर होती. कुडकुडल्याचं तिला कळू नये म्हणून मी ओंडक्यासारखी पडून राहिले. बोटसुद्धा हलवलं नाही.

सकाळी गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं होतं. मी तंबूतून बाहेर येऊन हात वर करून मोठी जांभई दिली.

"काय मस्त झोप लागली!"

मीनू बुटाची नाडी बांधत होती. तिने वर बघितलं नाही.

"मम्मी, सोने वाला आदमी हिलता है. करवट लेता है, बड़बड़ाता है. तुम रातभर एक इंच नहीं हिली."

"दमली होती मी."

"मैंने दो बार उठके देखा, साँस चल रही है कि नहीं."

चहा आला तो आम्ही दोघींनी गायीकडे बघत प्यायला. एक रात्र गेली होती आणि एकच उरली होती. ही मुलगी अशी उठून माझा श्वास बघत राहिली तर ती पुण्याला जाणार नाही, आणि गेली तरी मनाने जाणार नाही. मला खरोखर झोपायला हवं होतं. नाटक आता उपयोगाचं नव्हतं.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, भाताच्या मुलखातलं. लहानपणी मामाकडे थंडीत आम्ही पोरं पेंढ्यावर झोपायचो. इकडे पेंढ्याला पैरा म्हणतात. फूलकुंवर दीदींच्या गोठ्यामागे त्याचा ढीग होता. मी एक भारा मागितला.

त्या हसू लागल्या. "ए तो गरुवा मन बर हे दीदी. तुमन एमा सुतहू?"

हे तर गुरांसाठी आहे, तुम्ही यावर झोपणार का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, "हव. गायीला विचारून द्या."

त्यांनी खरोखर गायीला हाक मारून विचारलं. मग भारा उचलून दिला. आम्ही तंबूतलं सामान बाहेर काढून आत पैरा जाडसर पसरला. फोमची मॅट जमिनीच्या ओलीने भिजली होती, ती दोरीवर वाळत टाकली आणि जलजलीला गेलो.

जलजली हा मैनपाटचा सगळ्यात गमतीचा भाग. हिरवळीचा एक पट्टा आहे, दिसायला साधा. त्यावर उडी मारली की जमीन हलते. खाली दलदल आहे म्हणतात. मीनूने धावत जाऊन उडी मारली आणि दहा हातांवर उभी असलेली मी डुलले.

"मम्मी, ये है असली मैट! पैक करवा लूँ?"

"आर व्हॅल्यू विचार आधी."

"आओ ना. कोई नहीं देख रहा."

बघत होते. बिलासपूरकडचं एक मोठं कुटुंब होतं, त्यातल्या आजी खुर्चीत बसून सगळ्यांना उड्या मारायला लावत होत्या. त्यांनी मलाही हुकूम सोडला, "कूदो बेटा, कूदो! हम तो ऑपरेशन के बाद भी कूदते, ये लोग कूदने नहीं देते." बावन्नाव्या वर्षी मला कोणी बेटा म्हणून उडी मारायला सांगत होतं. मी मारली. जमीन खाली गेली, वर आली. मग आणखी मारल्या, किती ते माहीत नाही. मीनूला इतकं हसू येत होतं की तिला फोटो काढता येईना. ह्यांना जमिनीत असा काही खोटेपणा आवडला नसता. रेल्वेत वॅगन दुरुस्तीत आयुष्य गेलेलं, हलणारी वस्तू दिसली की ते पाना शोधायचे. हे मी मीनूला बोलून दाखवलं तेव्हा ती आणखी हसली. ह्यांच्याबद्दल बोलून आम्ही दोघी एकाच वेळी हसलो, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

उलटा पानी नावाची जागाही जवळच आहे, जिथे पाणी चढावर वाहतंय असं वाटतं. तिथे कागदाची होडी सोडून बघा. आम्ही भात-आमटी आणि गरम मोमो खाऊन तीनच्या सुमाराला परत आलो. संध्याकाळी कड्यावरून सूर्यास्त बघायचा होता. मैनपाटला येणारी माणसं बहुतेक त्यासाठीच येतात.

तंबूवर ऊन पडलं होतं. आत पैऱ्याचा वास भरला होता. माझी मॅट अजून ओलसर होती, म्हणून मी मीनूच्या मॅटवर बसले, मग आडवी झाले.

"पाठ टेकते फक्त," मी म्हटलं.

"पाँच बजे निकलना है," बाहेरून मीनू म्हणाली.

मला जाग आली तेव्हा तंबूत फिकट उजेड होता. अंगावर दोन्ही स्लीपिंग बॅगा होत्या, डोक्याला माझा मफलर गुंडाळलेला होता आणि एक गाल पैऱ्याच्या काड्यांवर दाबला गेला होता. बाहेर मीनू दीदींच्या अंगणातल्या चुलीजवळ बसली होती. मी घाईघाईने बाहेर आले आणि चपला शोधू लागले.

"चल लवकर. सूर्य बुडून जाईन."

मीनूने माझ्याकडे बघितलं. मग तिने हातातला कप खाली ठेवला.

"मम्मी, वो डूब गया."

"अरे! उठवायचं नाही का मले?"

"कल डूब गया. ये वाला उगा है."

मी वर बघितलं. उजेड भलत्याच बाजूला होता. गवतावर पांढरं दहिवर होतं. फूलकुंवर दीदी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनी सांगितलं की रात्री जेवायला बोलवायला त्या आल्या होत्या, तर मीनूने तोंडावर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं.

"आणि तू कशावर झोपली?"

"तुम्हारी ठंडी चटाई पे. सूख गई थी. पैरे पे अच्छी लगी, दीदी ने दो कंबल भी दे दिए. पर तुमने रातभर इतना चिवड़ा खाया ना मम्मी, चर्र, चर्र, चर्र. इधर करवट, उधर करवट. एक बार तो पापा को डाँटा भी."

"काय म्हटलं मी?"

"पंखा बंद करने को बोला."

मैनपाटच्या त्या थंडीत. मीनू पुन्हा हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मीही चुलीशी बसून धुराचं निमित्त केलं.

मैनपाटचा सूर्यास्त कसा असतो ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. लोक म्हणतात चांगला असतो.

मीनूच्या फोनला तिथे रेंज नव्हती. परतीच्या गाडीत घाट उतरताना एका वळणावर फोन टुंग टुंग वाजायला लागला. तिने ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, दो मिनट रोकना." मेल आधीच लिहून ठेवलेला होता. तिने तो एकदा वाचला, पाठवला आणि फोन खिशात ठेवून तिच्या खिडकीतून बाहेर बघू लागली. मी माझ्या खिडकीतून बघत होते. ड्रायव्हरने विचारलं, "हो गया दीदी?" दोघी एकदम म्हणालो, "हव, चलो."

घरी आल्यावर प्रमिलाताईंनी सगळा वृत्तांत ऐकला आणि निकाल दिला, "म्हणजे पैसे दिले मॅटचे आन् झोप दिली पैऱ्यानं." तसं नाही. माझा सल्ला असा: थंडीत जाणार असाल तर हवेची, ऊब धरणारी मॅटच घ्या आणि आवाजाची पर्वा करू नका. खिशाला झेपत नसेल तर फोमच्या दोन मॅट एकावर एक घाला, किंवा मिळाला तर खाली पेंढा पसरा. आणि काहीही झालं तरी मॅटची परीक्षा रायपूरच्या फरशीवर घेऊ नका.

मीनू जायच्या आधी आम्ही दोघी गादीवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, सिंगल की डबल? मीनू खोळींचं कापड चाचपू लागली. मी म्हटलं, "डबल. पलंग मोठा आहे आमचा." आता मी त्यावर मधोमध झोपते. झोप रोजच लागते असं नाही. काही रात्री अजून ती बेल वाजते. पण मैनपाटला एकदा ती वाजली नाही आणि तरी सकाळी सगळे जागेवर होते, हे माझ्या अंगाला कळलंय असं वाटतं.

मीनू पुण्याला पोचल्यावर पहिल्याच रविवारी मी उठले तेव्हा चांगलं ऊन आलं होतं. फोन हॉलमध्ये चार्जिंगला होता. त्यावर तिचे कॉल, एकाखाली एक. मी लावला.

"उठाया क्यों नहीं? मैं यहाँ पागल हो गई! बुआ को भेजने वाली थी तुम्हारे पास!"

"झोपली होती मी."

"अब तक?"

"हव. आताच उठली."

मग ती नाक ओढत म्हणाली, "फोन सिरहाने रखके सोया करो."

"नाही ठेवत," मी म्हटलं. "तू पण नको ठेवू."